तुर्कांचं 'मुबादेले' आणि आपला 'मोबदला'

प्रश्न असा आला आहे: तुर्कस्तानच्या इतिहासावरच्या एका लेखात '१९२३ चा मुबादला' असा उल्लेख वाचला. हा 'मोबदला'चा मुद्रणदोष समजायचा, की शब्दच वेगळा आहे? आणि मराठीत त्या घटनेला म्हणायचं काय?

मुद्रणदोष नाही. १९२३ च्या करारानुसार तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी लोकांची जी सक्तीची अदलाबदल केली, तिचं हे नाव. पण शब्द मुळात एकच आहे. अरबी, धातू ब-द-ल. फारसीच्या वाटेने मराठीत आला त्याचा 'मोबदला' झाला, उस्मानी तुर्कीत गेला त्याचं आजच्या तुर्कीत 'मुबादेले' झालं. सुरुवातीच्या 'मु'चा 'मो' करायची मराठी जिभेची खोड जुनीच आहे: मुहीमची मोहीम झाली, मुहर्रमचा मोहरम. मधला लांब 'बा'ही आपण आखडून टाकला. बदल, बदला, बदली, अदलाबदल ही सगळी याच घरची मंडळी. 'बद्दल'सुद्धा. त्याचा जुना अर्थ 'च्या ऐवजी', हे आता फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

अरबीत या साच्याचे शब्द बहुधा दोन पक्षांमध्ये घडणारी क्रिया सांगतात. मुकाबला एकट्याने होत नाही, मुलाखतीला दोघं लागतात, मुशायऱ्याला तर अनेक. तसा मुबादला म्हणजे आपसातली देवघेव: तू दे, मी देतो. मराठीत यातली एक बाजू झिजली आणि उरला तो गेलेल्या वस्तूबद्दल किंवा केलेल्या कामाबद्दल हाती येणारा पैसा. लेखाचा मोबदला, जमिनीचा मोबदला. (मराठवाड्यात जमीन गेली की 'मावेजा' कधी मिळणार असं विचारतात. तो मुआवजा, निजामी महसूल खात्याच्या उर्दूतून आलेला. त्याचा या घराण्याशी संबंध नाही.)

तुर्कीत 'मुबादेले' म्हटलं की आज बहुतेकांना एकच गोष्ट आठवते. १९३० च्या दशकात तिथे भाषाशुद्धीची मोठी लाट आली, शेकडो अरबी-फारसी शब्द हद्दपार झाले. रोजच्या अदलाबदलीला आता इतर शब्द चालतात. या घटनेचं नाव मात्र कुणी हलवलं नाही.

घटना अशी. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इझमीर बंदरात उतरलं. तीन वर्षांच्या युद्धात ते हरलं, सप्टेंबर १९२२ मध्ये इझमीर आगीत जळालं आणि किनाऱ्यावरचे लाखो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जीव घेऊन ग्रीसकडे पळाले. त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी चाललेल्या वाटाघाटींत, ३० जानेवारी १९२३ ला, अंकारा सरकार आणि ग्रीस यांनी करार केला: तुर्कस्तानातले ग्रीक ऑर्थोडॉक्स तिकडे, ग्रीसमधले मुसलमान इकडे. सक्तीने. परत येऊन राहायचं तर सरकारची परवानगी हवी. इस्तंबूलचे जुने ग्रीक रहिवासी आणि ग्रीसच्या ईशान्य टोकाच्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. सगळे मिळून सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान कायमचे हलले. यातले बहुसंख्य ऑर्थोडॉक्स करारावर सही होण्याआधीच निघून गेले होते. म्हणजे करार काही अंशी झालेल्या पळापळीवर मारलेला शिक्का होता.

निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हे. अनातोलियाच्या, म्हणजे आशिया मायनरच्या, आतल्या भागातले करामानली ख्रिस्ती तुर्की बोलत. ते ती लिहीतही, फक्त ग्रीक लिपीत. ते ग्रीसला गेले. क्रीट बेटावरच्या मुसलमानांची घरातली भाषा ग्रीक, ते तुर्की किनाऱ्यावरच्या आयवालिक गावी आणि शेजारच्या जुंदा बेटावर आले. आयवालिकची मोठी चर्च मग मशिदी झाली. ग्रीसमधल्या सालोनिकाचे मुसलमानही निघाले, ज्या शहरात तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक खुद्द मुस्तफा केमाल (अतातुर्क) जन्मला होता ते.

आता शब्दाकडे परत. मुबादल्याला दोन पक्ष लागतात म्हटलं, ते इथे कोण? तर दोन सरकारं. माणसं या व्यवहारात पक्ष नव्हती, माल होती. तुर्कीत अशा माणसाला 'मुबादिल' म्हणतात. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत पळून आलेला तो मुहाजिर, लोझानच्या करारान्वये आलेला तो मुबादिल. हा फरक त्यांची नातवंडं-पतवंडंही आज काटेकोरपणे पाळतात.

ऑक्टोबर १९२३ मध्ये अंकाऱ्यात एक खास मंत्रालय उघडलं: 'मुबादेले, इमार वे इस्कान वेकालेती'. 'वे' म्हणजे 'आणि'. इस्कान म्हणजे वसवणं. इमार हा आपल्या इमारतीचा भाऊ आणि वेकालेत म्हणजे वकालतच, फक्त तिथे अर्थ मंत्रालय. तुर्कीचा एक शब्द न शिकलेल्या मराठी माणसालाही ही पाटी निम्मी लागावी.

आणि गंमत म्हणजे या मुबादल्यात मराठी अर्थाचा मोबदलाही होता, निदान कागदावर. सोडलेल्या मालमत्तेच्या तोडीची मालमत्ता नव्या देशात मिळेल असं करारात होतं. त्यासाठी कुटुंबाने एक फॉर्म भरायचा, 'तस्फिये तलेपनामेसी'. तस्फिये म्हणजे निपटारा, पुढच्या शब्दात आपली 'तलब' आणि 'नामा' दोन्ही ओळखू येतात. गाव कुठलं, घर किती, शेत किती, किंमत काय, हे सगळं त्यात लिहायचं. मग वाटपात कुणाला तोडीचं मिळालं, कुणाला नाही. तंबाखू पिकवणाऱ्याच्या वाट्याला ऑलिव्हची झाडं आली की तो काय करणार? शेवटी १९३० च्या अंकारा कराराने दोन्ही सरकारांनी एकमेकांचे दावे वळते करून घेतले आणि हिशेब बंद झाला.

ग्रीक लोक या साऱ्याकडे दुसऱ्या टोकाकडून पाहतात. त्यांच्याकडे अदलाबदलीसाठी शब्द आहे, पण बोलण्यात येतं ते १९२२ चं 'आशिया मायनरचं महासंकट', आणि आलेले लोक म्हणजे निर्वासित. 'अदलाबदल' हा शब्द सरकारी थंडपणाचा आहे, हे त्यांच्या बाजूने पाहिलं की चटकन कळतं.

मराठीत काय लिहावं? 'स्थलांतर' नको, त्यात माणूस आपल्या पायांनी जातो. 'फाळणी' तर चूकच, कारण इथे नकाशावर नवी रेघ ओढली नाही, माणसं उचलून जुन्या रेघेच्या पलीकडे ठेवली. 'विनिमय' म्हटलं की चलन आणि बँक डोळ्यांपुढे येते. 'लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल' हे मला सर्वांत बरं वाटतं. लांब आहे, पण 'सक्तीची' गाळू नये. ही कल्पना आपल्याकडच्या वादातही आलेली आहे: डॉ. आंबेडकरांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिलेल्या पुस्तकात तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचा दाखला देऊन अल्पसंख्याकांच्या अदलाबदलीची बाजू मांडली होती.

तुर्की नावच ठेवायचं असेल तर 'मुबादेले' लिहा, म्हणजे परकेपणा दिसतो आणि 'मोबदला'शी गल्लत होत नाही. 'मुबादिल'ला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. पहिल्यांदा आला की 'अदलाबदलीत आलेला' असा खुलासा द्यावा आणि पुढे तोच शब्द वापरावा.