छोट्या सर्व्हिस कंपनीने आयएसओ, ‘ॲक्रेडिटेड मेंबर’ वगैरेवर पैसे घालावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला सोफा आणि डीप क्लीनिंगचा धंदा, दोन वर्षं झाली, सहा माणसं, आणि एक जण रोज फोन करून १८,००० रुपयांत आयएसओ सर्टिफिकेट, ‘ॲक्रेडिटेड मेंबर’ची, म्हणजे मान्यताप्राप्त सदस्याची, पाटी आणि वर एक अवॉर्ड देतो म्हणतोय, तर घ्यावं का, आणि अमेरिकेत बीबीबीचा (बेटर बिझनेस ब्युरो, धंद्यांना ग्रेड देणारी संस्था) शिक्का असतो तसं आपल्याकडे काही कामाचं आहे का.

त्याच्याकडून तर घेऊच नका. बाकीचं जरा सविस्तर सांगतो कारण मी स्वतः यात पैसे घालून बसलोय.

मी पुण्यात धायरीला पेस्ट कंट्रोल आणि टाकी सफाईचं काम करतो, बारा वर्षं झाली, आत्ता अकरा जण आहोत. तुम्हाला जो फोन करतोय त्याचाच कुणीतरी मोठा भाऊ मला २०१९ ला भेटला होता. ८,५०० रुपये घेतले. मागितलं काय तर लेटरहेड, जीएसटी नंबर आणि पत्ता, बास. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ आणि आठवड्यात कुरिअरने सोनेरी बॉर्डरचा कागद घरी. बघायला कुणी आलं नाही, माझ्या गोडाऊनचा दरवाजा आत उघडतो का बाहेर हेसुद्धा त्यांना माहीत नसणार. आणि कागदावर पेस्ट कंट्रोलच्या जागी ‘पोस्ट कंट्रोल अँड अलाइड सर्व्हिसेस’ छापलेलं. मी म्हणलं जाऊ दे, एवढं बारीक कोण वाचतंय, लॅमिनेट करून ऑफिसात लावलं आणि गाडीवर पण ‘आयएसओ सर्टिफाइड’ रंगवून घेतलं.

वाचणारं माणूस चार महिन्यांनी भेटलं. चाकणच्या बाजूला एका कंपनीच्या कँटीनचं वर्षाचं काम निघालं होतं, मी फाइल घेऊन गेलो, क्वालिटी बघणाऱ्या मॅडमनी सगळ्यात आधी बोट ठेवलं ते त्या ‘पोस्ट’वर. काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, यावर ॲक्रेडिटेशन कुणाचं आहे? मी छाती काढून म्हणलं, आयएसओचं! तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे समजावलं की आयएसओ ही जिनिव्हाची संस्था फक्त स्टँडर्ड लिहिते, सर्टिफिकेट ती कुणालाच देत नाही, सर्टिफिकेट देतात वेगळ्या सर्टिफिकेशन बॉड्या, आणि त्या बॉडीला तपासणारा कुणीतरी वर लागतो, आपल्याकडे ते काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या खाली असलेलं एनएबीसीबी करतं. त्यांच्या साइटवर माझ्यावाल्या बॉडीचं नाव टाकून बघितलं, नव्हतंच. परदेशी ॲक्रेडिटेशनही चालतं म्हणाल्या, पण माझ्या कागदावर तसलंही काही नव्हतं, नुसता पृथ्वीचा गोल आणि बरोबरची खूण. मला तिथे टेबलाखाली जावंसं वाटत होतं.

मग त्या म्हणाल्या, हे बाजूला ठेवा, लायसन्स दाखवा. ते मात्र माझ्याकडे होतं, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचं कृषी खात्याचं, त्यासाठी मी हैदराबादला जाऊन ट्रेनिंग करून आलेलो. केमिकलच्या सेफ्टी शीट्स बघितल्या, आणि सर्व्हिस रिपोर्टचं कार्बनवालं बुक बघितलं, कुठल्या तारखेला कुठे जेल लावलं, उंदराचे बॉक्स किती, खाली कस्टमरची सही. काम मिळालं. म्हणजे ज्याला मी ८,५०० दिले त्याने काम जवळजवळ घालवलं आणि ज्या बुकाला छपाईचे दोन-तीनशे लागतात त्याने मिळवून दिलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो, की हा कागद नक्की कोण माणूस बघणार आहे. त्या माणसाचं नाव किंवा निदान हुद्दा सांगता आला तर पैसे घालायचे. ‘इमेज चांगली होते’ हे उत्तर आलं तर नाही घालायचे.

तुमचे कस्टमर घरगुती आहेत असं तुम्ही लिहिलंय. घरगुती कस्टमर आयएसओ बघत नाही हो. मी मध्ये एक महिनाभर प्रत्येक नवीन कस्टमरला विचारून वहीत लिहून ठेवलं की आमचा नंबर कुठून मिळाला, बहुतेक सगळे गूगलचे रिव्ह्यू, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, नाहीतर ‘वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दिला’. सर्टिफिकेटचं नाव एकाने काढलं नाही. आमच्या गाडीवर रंगवलेलं होतं तरी नाही.

पुढे २०२२ ला मी खरं आयएसओ ९००१ घेतलं, कारण दोन कंपन्यांच्या वेंडर फॉर्ममध्ये तो रकाना होता आणि त्या कामांमधून खर्च निघणार हे दिसत होतं. कन्सल्टंट धरून पहिल्या वर्षी ५२,००० च्या आसपास गेले. ऑडिटर दिवसभर बसला, कंप्लेंट रजिस्टर मागितलं, केमिकल किती पाण्यात किती घालता हे मला नाही, पोराला विचारलं. आणि हे एकदा घेऊन संपत नाही, सर्टिफिकेट तीन वर्षांचं पण दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट असतं आणि त्याचे पैसे वेगळे. फायदा झाला हे कबूल, कंप्लेंट लिहून ठेवायची सवय लागली, आधी सगळं माझ्या डोक्यात असायचं. पण एक लक्षात घ्या, तुमचा सोफा चकाचक निघतो का हे आयएसओ ९००१ बघत नाही, कामाची पद्धत ठरलेली आहे का आणि तुम्ही ती पाळता का एवढंच बघतं. तुम्हाला उद्या हॉस्पिटल किंवा सातपूर-अंबडच्या कंपन्यांचं हाउसकीपिंग घ्यायचं असेल तेव्हा बघू, आत्ता नको.

आता बीबीबीचं. माझा आत्येभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याचा घरं रंगवण्याचा छोटा धंदा आहे, त्यामुळे थोडं माहीत आहे. ती संस्था जुनी आहे, १९१२ पासूनची, सरकारी नाही, आणि ‘ॲक्रेडिटेड’ व्हायला दरवर्षी फी लागते, फी तुमच्याकडे माणसं किती त्यावर. ए प्लस ते एफ असे ग्रेड देतात, आणि गंमत म्हणजे कस्टमरचे रिव्ह्यू त्या ग्रेडमध्ये धरतच नाहीत, तक्रार आली तर तुम्ही उत्तर दिलं का, मिटवली का याला जास्त वजन. २०१० ला एबीसी चॅनेलने बाहेर काढलं की काही लोकांनी मुद्दाम ‘हमास’ नावाने फी भरली आणि हमासला ए मायनस ग्रेड मिळाला! तोपर्यंत मेंबर झालं की ग्रेडमध्ये जादा पॉइंट मिळायचे, ते मग बंद केले, आणि हा ग्रेड देणारी लॉस एंजेलिसची शाखा २०१३ ला काढूनच टाकली. तरी आत्येभाऊ फी भरतो, का तर तिकडे साठीच्या पुढचे लोक घरात माणूस घ्यायच्या आधी बीबीबी बघतात आणि त्याचं गिऱ्हाईक तेच आहे. म्हणजे परत तेच, कोण बघतंय. आपल्याकडे घरगुती गिऱ्हाईक उघडून बघेल अशी तसली यादी मला तरी कधी दिसली नाही, तुम्हाला कुणी तसं सांगून विकत असेल तर सावध.

मेंबरशिप ही आणि वेगळी गोष्ट आहे, लोक दोन्हीची भेसळ करतात. व्यापाऱ्यांचं चेंबर असो, बीएनआय असो, आपला मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब असो, हे धंदेवाल्यांचे ग्रुप, तिथे तुमच्या कामाच्या दर्जाचा दाखला मिळत नाही, ओळखी मिळतात. बीएनआयमध्ये एका चॅप्टरला एका धंद्याचा एकच माणूस घेतात आणि दर आठवड्याला मीटिंग, सकाळी सकाळी. असल्या एका ग्रुपमध्ये मी वर्षभर होतो (नाव नको), कामं मिळाली ती सगळी एका सीएकडून आणि एका इंटिरियरवाल्याकडून, बाकी तीस जणांनी मला फक्त त्यांची पॉलिसी विकायचा प्रयत्न केला. पण तो इंटिरियरवाला अजून काम देतो, त्यामुळे पैसे वाया गेले असं म्हणवत नाही. तुमच्यासारख्या डीप क्लीनिंगवाल्याला इंटिरियरवाले, पेंटर, ब्रोकर हे सोनं आहेत, ग्रुप घ्यायचाच तर आधी पाहुणा म्हणून एकदा जाऊन या आणि यातले किती बसलेत ते मोजा.

आणि जे फुकट आहे ते तुम्ही केलंय का हे प्रश्नात कुठेच नाही! उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. २०२० पासून आहे, आधार आणि पॅनवर होतं, सरकारी साइटवर एक रुपया लागत नाही, दोन-तीन हजार मागणाऱ्या सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइटी असतात तिकडे जाऊ नका. लोकांना वाटतं हे लोनसाठी असतं. मला ते वसुलीला उपयोगी पडलं. एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात असं आहे की लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आता इन्कम टॅक्समध्ये असं केलंय की मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर ते देईपर्यंत समोरच्याला तो खर्च वजा दाखवता येत नाही. एका हॉटेलवाल्याकडे माझे ८६,००० सात महिने अडकले होते, रोज ‘शेठ बाहेर गेलेत’. आमच्या सीएने सांगितलं की बिलावर उद्यम नंबर छापा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या अकाउंटंटला, शेठला नाही, अकाउंटंटला मेल करा. केला. एकवीस तारखेला पैसे जमा, शेठ अजून बाहेरच होते! नाहीच दिले असते तर सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता आली असती, ती वेळ आली नाही. हे घरगुती गिऱ्हाइकाला लागू नाही अर्थात, पण ऑफिसं, हॉटेलं, क्लिनिक घेणार असाल तर आजच करून टाका. तुमची माणसं थोडी आहेत त्यामुळे शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन इंटिमेशन द्यायची असते, ती पण दिली नसेल तर द्या, बँकवाले मागतात.

अवॉर्डबद्दल काय बोलू. मला पण फोन आलेला, ‘तुमचं सिलेक्शन झालंय’, हॉटेलात कार्यक्रम, सिरियलमधल्या कुणाच्या तरी हस्ते ट्रॉफी, फक्त ४५,००० ‘पार्टिसिपेशन’. बायको म्हणाली सिलेक्शन झालंय तर पैसे त्यांनी द्यायला पाहिजेत ना.

तुमचे १८,००० माझ्याकडे असते तर मी सहाही पोरांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलं असतं, कारण तुमचं काम घराच्या आत, कपाटांच्या शेजारी आहे आणि नवीन सोसायटीचा सेक्रेटरी ते नक्की विचारतो. मग नाव छापलेले टी-शर्ट, आयडी कार्ड, सर्व्हिस रिपोर्टचं बुक, आणि उरतील त्याचा एक चांगला व्हॅक्यूमचा होज, तुम्ही प्रश्नासोबत फोटो टाकलाय त्यातल्या होजला चिकटपट्टी लावलेली आहे आणि कस्टमर ती बघतो.

तो माणूस परत फोन करेल तेव्हा त्याला सर्टिफिकेशन बॉडीचं नाव, ती एनएबीसीबीच्या यादीत आहे का, आणि ऑडिटर कुठल्या तारखेला येणार एवढं विचारा. माझ्यावाल्याने नंतर ‘सर नेटवर्क जातंय’ म्हणून ठेवला होता.