वाचक विचारतात : दिलेला शब्द आणि मागून आणलेला आरोपी

प्रश्न : १९९३ साली सेंच्युरी बाजारजवळच्या स्फोटात आमच्या चाळीतली दोन माणसं गेली. त्या खटल्यातल्या अबू सालेमला फाशी होणार नाही, उलट २५ वर्षांनी तो सुटेल, असं ऐकतो. एका मंत्र्यानं पत्र लिहून दिलं म्हणून आपल्या कोर्टाचे हात बांधले जातात का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : आधी क्रम सांगते, कारण या प्रकरणात लोकांचा घोळ होतो तो तारखांचाच.

सालेम लिस्बनमध्ये पकडला गेला १८ सप्टेंबर २००२ रोजी. तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा, म्हणजे एका देशानं आरोपी दुसऱ्याच्या हवाली करण्याचा, करारच नव्हता. मग मागायचा कशाच्या जोरावर? दोन्ही देश एका आंतरराष्ट्रीय करारात होते, दहशतवादी बॉम्बस्फोटांना आळा घालण्याच्या. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातल्या कलम ३ नुसार, असा सामाईक करार असेल तर सरकार अधिसूचना काढून त्यालाच प्रत्यार्पणाचा करार मानू शकतं. तशी ती डिसेंबर २००२ मध्ये निघाली.

खरी अडचण पुढे होती. पोर्तुगालनं साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच मोडीत काढली. तिथं जन्मठेपही नाही, जास्तीत जास्त कैद २५ वर्षांची. जिथं फाशी किंवा मरेपर्यंत तुरुंग वाट बघतोय तिथं माणूस पाठवायला त्यांची राज्यघटनाच आडवी येते. म्हणून १७ डिसेंबर २००२ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली : फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैदही नाही. एवढं करूनही तिथल्या कोर्टांच्या पायऱ्या चढून-उतरून तो इकडे यायला ११ नोव्हेंबर २००५ उजाडला.

आता तुमचा मुद्दा. फाशी फक्त पत्रामुळे टळली असं नाही. ज्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नाही तिथून आरोपी आणला, तर इथं त्याला जन्मठेपच देता येते, असं त्याच प्रत्यार्पण कायद्यातलं कलम ३४-सी सांगतं. ती तरतूद १९९३ च्या दुरुस्तीतली, म्हणजे हमीच्या बऱ्याच आधीची. २५ वर्षांच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये जी वाट काढली ती मला आवडते. सरकारच्या हमीनं कोर्ट बांधलं जात नाही, सत्र न्यायाधीश जन्मठेप देऊ शकतात, आणि ती २०१७ मध्ये दिलीही गेली. पण सरकार स्वतःच्या शब्दाला बांधलेलं आहे. २५ वर्षं भरली की सरकारनं राष्ट्रपतींना शिक्षा संपवण्याचा सल्ला द्यायचा, आणि कागद एका महिन्यात पुढे सरकवायचे. ही वर्षं २००५ पासून मोजायची. पोर्तुगालमध्ये खोट्या कागदपत्रांपायी तो आधी आत होता, तो काळ धरायचा नाही. म्हणजे हिशेब २०३० चा.

तुम्हाला हे पटणार नाही, आणि चाळीतल्या त्या दोन घरांना तर नाहीच नाही. पण तेव्हा हमी दिली नसती तर तो आलाच नसता, हेही तितकंच खरं.

याच प्रकरणात आपण एकदा तोंडघशीही पडलो. प्रत्यार्पणाचा एक नियम असा, की ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला त्यांवरच खटला चालवायचा. कार्याला शेजारच्या वाड्यातून मोठं पातेलं आणलं तर त्यात साखरभात करावा, साड्या रंगवायला घेऊ नये. आपल्या कायद्यात हे कलम २१ मध्ये आहे. सालेमवर इथं आल्यावर जादा आरोप लागले. त्याच हकिगतीतून निघणारे कमी शिक्षेचे गुन्हे चालतात, हे खरं. पण लिस्बनच्या न्यायालयाला हे शब्द मोडणं वाटलं आणि २०११ मध्ये त्यांनी प्रत्यार्पणाचा आदेशच संपुष्टात आणला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, की प्रत्यार्पण इथं वैधच आहे. आणि सीबीआयला ते जादा आरोप मागे घेऊ दिले.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या बायकोनं इथं छळाची फिर्याद दिली आहे. पोलीस म्हणतात, ‘रेड कॉर्नर काढू, बेड्या घालून आणू.’ आणतील का?
– एक मावशी, सांगली

उत्तर : मावशी, रेड कॉर्नर नोटीस म्हणजे पकड वॉरंट नव्हे. इंटरपोलनं, म्हणजे देशोदेशीच्या पोलिसांच्या संघटनेनं, सदस्य देशांना केलेली ती विनंती असते. अमेरिका तर नुसत्या नोटिशीवर कुणाला अटक करत नाही. तिकडून माणूस आणायचा तर १९९७ चा भारत-अमेरिका करार लागतो, आणि त्याची अट अशी की तीच कृती दोन्ही देशांत एक वर्षाहून जास्त कैदेचा गुन्हा असली पाहिजे. कलमाचं नाव जुळावं लागत नाही, कृती जुळावी लागते. मारहाण, जखमा असं काही आरोपात आहे की नुसते टोमणे, यावर पुष्कळ अवलंबून.

माझ्या मते त्याच्या पासपोर्टची काळजी आधी करा. खटला चालू असेल किंवा वॉरंट निघालं असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १० खाली तो जप्त किंवा रद्द होऊ शकतो. त्याला म्हणावं, समन्स चुकवू नकोस, इथं वकील दे. आणि सुनेची बाजूही एकदा नीट ऐकून घ्या, एवढं माझं आगाऊपणाचं बोलणं.

बेड्यांना वेळ का लागतो ते मी जवळून पाहिलंय. वकिली सुरू करण्याआधी मी कोर्टाची कागदपत्रं इंग्रजीत करून द्यायची. प्रत्यार्पणाचा गठ्ठा म्हणजे फिर्याद, आरोपपत्र, वॉरंट, कलमांचे उतारे, ओळख पटवणारे फोटो, तपास अधिकाऱ्याचं शपथपत्र. पानोपानी सही-शिक्का, आणि सगळं शिवून, गाठीवर लाख. तो राज्याकडून परराष्ट्र मंत्रालयात आणि तिथून वकिलातीमार्फत समोरच्या सरकारकडे जातो. एकदा असा गठ्ठा परत आला. आधीच्या कुणीतरी पंचनाम्यातल्या ‘पंच’चं भाषांतर ‘आर्बिट्रेटर’ केलं होतं. तिकडच्या वकिलानं विचारलं, घटनास्थळी मध्यरात्री दोन लवाद काय करत होते? सतरा पंचनामे मी पुन्हा केले. चार महिने गेले, आणि तोवर तो इसम दुसऱ्या देशात निघून गेला.

प्रश्न : सावरकरांना मार्सेयमध्ये पुन्हा पकडलं ते प्रत्यार्पण होतं का?
– कायद्याची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही, आणि वादाचं मूळ तिथंच आहे. लंडनहून मुंबईला आणण्यासाठी इंग्रजांना कुठल्याच कराराची गरज नव्हती. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी हलवायला त्यांचा १८८१ चा फरारी आरोपींचा कायदा पुरेसा होता. पण ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून उडी टाकून सावरकर धक्क्यावर पोहोचले, तेव्हा त्यांच्या पायाखाली फ्रान्सची जमीन आली. तिथून न्यायचं तर रीतसर मागणी, फ्रेंच कोर्टापुढे सुनावणी, आणि गुन्हा राजकीय आहे का याची तपासणी हवी होती. राजकीय गुन्ह्याला प्रत्यार्पण नाही, हा नियम आजही आपल्या प्रत्यार्पण कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. झालं काय, तर एका फ्रेंच पोलिसानं धरलं आणि तिथल्या तिथं बोटीवर सोपवलं. दुसऱ्या दिवशी बोट सुटली.

फ्रान्सनं माणूस परत मागितला आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. (हे मात्र खरेखुरे आर्बिट्रेटर.) २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा : अटकेत आणि सोपवण्यात अनियमितता झाली, पण इंग्रजांनी फसवणूक किंवा बळजोरी केली नाही, फ्रेंच पोलीस आपण होऊन मदतीला आले, म्हणून परत देण्याचं बंधन नाही. बंदरावर लक्ष ठेवायचं दोन्ही बाजूंच्या पोलिसांत आधीच ठरलं होतं, हे फ्रान्सच्या अंगाशी आलं.

निवाडा मुळातून वाच, लहानच आहे. आणि वाचताना शेजारी दोन तारखा लिहून ठेव : २४ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११. जन्मठेपेच्या दोन्ही शिक्षा मुंबईत त्या दिवशी सुनावल्या गेल्या, हेगचा निकाल लागायच्या आधी.