भिरंडेलाचं क्रीम विकण्याआधी सशांवर चाचणी करावी लागते का?

मालवणात घरी भिरंडेलाचं, म्हणजे कोकमाच्या बियांपासून काढलेल्या घट्ट तेलाचं, क्रीम करून विकायचं, तर सशांवर चाचणी करावी लागते का, असं तुम्ही विचारलंय. नाही, अजिबात नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला 2014 पासूनच बंदी आहे, आणि परदेशात तशी चाचणी झालेला माल आणायलाही.

ही पद्धत आली अमेरिकेतून. 1933 च्या सुमारास तिथे पापण्यांच्या एका रंगाने बायकांचे डोळे गेले, मग सौंदर्यप्रसाधनांवर नियंत्रण आणणारा 1938 चा कायदा आला. 1944 मध्ये तिथले विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांची चाचणी आली: सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तसाच ठेवायचा आणि लाली, सूज, व्रण दिवसेंदिवस मोजत राहायचं. शाम्पूसाठी! मला हे कधीच पटलं नाही. औषधांचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, क्रीमचा नाही.

भिरंडेलाचा मुठीत वळलेला गोळा निखाऱ्यावर जरा धरून भेगाळलेल्या टाचांना लावत आमच्या पिढ्या गेल्या. तरी सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह घालणार असाल तर आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. विक्रीसाठी उत्पादन करायला राज्याच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, परवाना मात्र लागतो.