गाळ, थर आणि ‘खडक लागला’ची घाई

महिनाभर नाशिकच्या वाचकांकडून खडक आणि गाळाबद्दल त्याच चार-पाच शंका फिरून फिरून येत आहेत, म्हणून एकत्रच उत्तरे देतो.

प्रश्न : पांडवलेण्यांच्या डोंगरात आडवे थर दिसतात. म्हणजे तो गाळाचा खडक ना? (पाथर्डी फाटा)

नाही. तो बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे ते थर आहेत. थर दिसला की गाळ, हा समज आता सोडा.

प्रश्न : गंगापूर धरणातल्या गाळाचा खडक किती वर्षांत होईल? (सातपूर)

तुमच्या-माझ्या हिशेबात होणार नाही. ताज्या चिखलात निम्म्याहून अधिक जागा पाण्याची असते. वर नवे थर चढत गेले की त्यांच्या भाराने पाणी निघते आणि कण जवळ येतात. चिखलाचा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, होतो तो मुख्यतः या दाबाने. वाळू मात्र नुसत्या दाबाने फारशी बसत नाही. तिच्या कणांमधून झिरपणारे पाणी कॅल्साइट (चुन्याचे खनिज), सिलिका किंवा लोहाचे ऑक्साइड मागे ठेवते आणि तोच तिचा डिंक. त्यासाठी गाळ खोल गाडला जावा लागतो, आणि सहसा लाखो ते कोट्यवधी वर्षे जातात. धरणातला गाळ उपसून शेतात टाकायचा असेल तर आधी माती परीक्षण करून घ्या, मगच ट्रॅक्टर सांगा.

प्रश्न : नदीपासून जवळच प्लॉट आहे. पाच फुटांवर जेसीबीचा दात चालेना. ठेकेदार म्हणतो, ‘खडक लागला, पाया इथेच बसवू.’ चालेल का? (गंगापूर रोड)

चालणार नाही. जेसीबी अडला हा पुरावा नव्हे.

वर सांगितलेला डिंक सगळीकडे सारखा लागत नाही. गोदावरीच्या जुन्या गाळात मध्येच गोटे आणि वाळू चुन्याने चिकटून दगडासारखी झालेली आढळते. गंगापूरजवळ पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली ती नदीकाठच्या अशाच जुन्या थरांत. हातोडा मारला तर ठणठणीत आवाज येतो. पण हा थर हातभर जाडीचा असू शकतो आणि त्याच्या खाली पुन्हा मऊ, पिवळी माती. प्लॉटच्या एका कोपऱ्यात तो असेल, दुसऱ्या कोपऱ्यात नसेलही. अशा जागी अर्धे घर कठीण थरावर बसते, अर्धे मातीवर. एका पावसाळ्यात मातीकडची बाजू खचते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने असे घर दोनदा रंगवले, भेग दोन्ही वेळा परत आली.

‘शेजाऱ्याचं घर वीस वर्षं उभं आहे’ हे मला ऐकवू नका. शेजाऱ्याच्या पायाखाली काय आहे ते ना तुम्ही पाहिलेय, ना त्याने. कठीण थर फोडून खाली काय आहे ते पाहायचे, दोन-तीन ठिकाणी बोअर घेऊन नमुने काढायचे, मृदा परीक्षणाचा अहवाल आरसीसी कन्सल्टंटच्या हातात द्यायचा आणि पायाची खोली त्याने ठरवायची. ठेकेदाराने नव्हे, मीही नव्हे. काँक्रीट पडल्यावर विचारायला येणाऱ्यांना मी काय सांगणार?

प्रश्न : शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड टाकले तर ती नवी दिसेल असे दुकानदार म्हणतो. (नाशिकरोड)

एक दिवस दिसेल. शहाबाद, कोटा आणि ओट्यावरचा कडप्पा हे तिन्ही चुनखडक, म्हणजे गाळाचेच. अ‍ॅसिडने चुना विरघळतो. फेस येतो तो मळ निघाल्याचा नाही, फरशी झिजल्याचा. मग तोच दुकानदार पॉलिश विकतो. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरे. ओट्यावर लिंबाचा रस सांडला तर लगेच पुसा. डाग खोल गेला असेल तर फरशी घासणाऱ्या जुन्या कारागिराला दाखवा.

प्रश्न : दगडात झाडाच्या फांद्या उमटल्या आहेत. जीवाश्म म्हणून पाच हजार मागतात. (पंचवटी)

देऊ नका. बहुधा भेगेत पसरलेले मँगनीजचे ऑक्साइड असेल. त्याचा आकार फांद्यांसारखाच येतो, झाडाचा संबंध नाही. खात्री हवी तर पैसे देण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवा. विकणारा ‘उद्या मिळणार नाही’ म्हणाला, तर उद्याच जा.