जोडारीच्या तासाला भागाकार

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआयमध्ये) जोडारीची, म्हणजे फिटरच्या कामाची, शिल्पनिदेशक म्हणून रुजू होऊन तुला जेमतेम तीन महिने झाले आहेत, आणि एवढ्यातच तू असा प्रश्न विचारला आहेस की जो पुष्कळ निदेशक निवृत्तीपर्यंत स्वतःलाही विचारत नाहीत. वीस जणांच्या तुकडीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, दोघांना फळ्यावरचे वाक्य सलग वाचता येत नाही, आणि अभ्यासक्रम मात्र व्हर्नियर कॅलिपर या बारीक मापे घेण्याच्या साधनापाशी येऊन ठेपला आहे, असे तू लिहितेस. ‘दहावी उत्तीर्ण होऊन आलेल्या मुलांना भागाकार शिकवणे हे माझे काम आहे का?’ हा तुझा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र त्यासाठी संध्याकाळी चार ते पाच असा जादा तास घेण्याचा जो विचार तू प्राचार्यांपुढे मांडला आहेस, तो तूर्त मागे घ्यावास असे मला वाटते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तुझ्याच वाट्याला कच्ची मुले आली, असे मुळीच नाही. ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या वार्षिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वर्षे वयोगटातील ग्रामीण मुलामुलींना असाच तीन अंकी संख्येचा भागाकार दिला होता आणि तो सुमारे ४३ टक्क्यांनाच जमला, दुसरीच्या पातळीचा प्रादेशिक भाषेतला उतारा सुमारे एक चतुर्थांश मुलांना सलग वाचता आला नाही. त्याच पाहणीतली आणखी एक बाब जोडारीच्या निदेशकाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवली असता जवळजवळ ८५ टक्के मुलांनी तिची लांबी बरोबर सांगितली, आणि तीच वस्तू शून्यापासून पुढे सरकवून ठेवली तेव्हा बरोबर सांगणारे ३९ टक्केच उरले. याचा अर्थ असा की बाकीची मुले लांबी मोजत नव्हती, पट्टीवरचा आकडा वाचत होती. ज्या मुलाच्या मनात लांबी म्हणजे दोन खुणांमधले अंतर ही गोष्ट उतरलेली नाही, त्याच्या हाती तू व्हर्नियर देणार आहेस. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकपट्टीवर ५० भाग केले आहेत, म्हणून एका भागात ०.०२ मिलिमीटरचा फरक पडतो, हे वाक्य तो तोंडपाठ करील, परीक्षेत लिहील, आणि माप मात्र शेजाऱ्याकडून घेईल.

जादा तासाला माझा विरोध का आहे, ते सांगतो. मी स्वतः तो घेतला आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ‘कच्च्या’ मुलांची यादी करून ती सूचनाफलकावर लावली, त्यांना सायंकाळी थांबवले, आणि पहिल्याच दिवशी एका मुलाला कार्यशाळेतील सुरक्षेचे नियम उभे राहून मोठ्याने वाचायला सांगितले. तो तिसऱ्या शब्दाला अडखळला, मागच्या बाकावरून हसू आले, आणि तो खाली बसला. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले की तो तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. त्याच्या हातात कानस किती सुरेख चालत असे, हे मला आजही आठवते. दोष पद्धतीचा होता म्हणण्यापेक्षा माझाच होता. नऊ-दहा वर्षे शाळेने ज्या गोष्टीवरून त्या मुलाला खाली मान घालायला लावली होती, तीच गोष्ट मी त्याला पुन्हा त्याच फळ्यासमोर आणि त्याच स्वरात शिकवायला निघालो होतो. आयटीआयला तो आला होता तो ‘इथे हाताचे काम आहे’ या भरवशावर.

म्हणून भागाकार शिकवायचा तो कामाच्या मेजावरच्या पकडीशेजारी (व्हाइसशेजारी) उभे राहून. कोणाला काय येत नाही हे शोधण्यासाठीही लेखी चाचणी घेऊ नकोस, काम दे. मी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला ९६ मिलिमीटर लांबीची लोखंडी पट्टी देत असे आणि सांगत असे की हिच्यावर तीन छिद्रांच्या खुणा अशा कर की दोन्ही टोकांपासून आणि एकमेकांपासून सगळी अंतरे सारखी राहतील. निम्मी मुले ९६ ला तीनने भागतात, ३२ आणि ६४ वर खुणा करतात आणि तिसरी खूण पट्टीच्या कडेवर येते तेव्हा गोंधळून इकडेतिकडे पाहू लागतात. यांचा भागाकार पक्का आहे, चित्र कच्चे आहे; तीन छिद्रांमुळे चार भाग पडतात हे त्यांना दिसलेले नाही. काहींना चार भाग दिसतात पण २४ हे उत्तर काढता येत नाही. त्यांना भागाकार हवा आहे. आणि दरवर्षी एखादा मुलगा असा निघतो की जो पट्टीएवढा कागद फाडून त्याच्या दोनदा घड्या घालतो आणि घड्यांवरून खुणा उतरवतो. त्याला काहीही येत नाही असे दहावीच्या गुणपत्रिकेवरून वाटलेले असते. त्याची घडी सर्वांना दाखव आणि तिथेच, त्या कागदावरच, ‘९६ भागिले ४’ असे लिही. एका तासात तुला वीस मुलांविषयी जेवढे कळेल, तेवढे कोणत्याही प्रश्नपत्रिकेतून कळणार नाही, आणि आपली परीक्षा झाली हे मुलांच्या लक्षातही येणार नाही.

अपूर्णांकांच्या बाबतीत तर आपल्याकडे तयार भांडवल आहे आणि आपणच ते वापरत नाही. तुझ्या तुकडीत सुताराच्या किंवा गवंड्याच्या घरचे एखादे मूल नक्की असेल. एक इंच म्हणजे आठ सूत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तेच मूल वहीत पाऊण अधिक अर्धा ही बेरीज करताना वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवते आणि ‘चार षष्ठांश’ असे उत्तर काढते. त्याला चूक म्हणू नकोस. पाऊण इंच म्हणजे किती सूत, अर्धा इंच म्हणजे किती सूत, एवढेच विचार. सहा आणि चार मिळून दहा सूत, म्हणजे एक इंच दोन सूत, म्हणजे सव्वा इंच, हे तो स्वतः सांगेल. मग त्याला वहीतले उत्तर पुन्हा पाहायला लाव आणि पाऊण इंचात अर्धा इंच मिळवल्यावर ते पाऊण इंचाहूनही कमी कसे झाले, असे विचार. समच्छेद म्हणजे दोन्ही मापे सुतांत आणणे, हे त्याला त्या क्षणी समजते. आपल्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ म्हणत असे. ते पाठांतर परत आणावे असे मी म्हणत नाही, परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द ज्या भाषेत रोजच्या बाजारहाटात चालतात, त्या भाषेतल्या मुलाला अपूर्णांक परके वाटावेत हे आश्चर्यच आहे.

दशांश चिन्हाचे मात्र तसे नाही. तिथे बाजार मदतीला येत नाही, उलट पूर्ण संख्यांची सवय अडथळा करते. दहा मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आटा पाडायचा असेल तर आधी साडेआठ मिलिमीटरचे छिद्र पाडावे लागते. दहामधून १.५ वजा करताना निदान तीन-चार मुले ९.५ असे उत्तर आणतील, कारण दहातून एक जातो आणि ‘पॉइंट पाच’ जिथल्या तिथे राहतो. पुष्कळांना ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठे वाटते, कारण पंचवीस तीनहून मोठे असतात. हे फळ्यावर समजावून सांगण्याऐवजी फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाची, दोन पाती हातात दे. बोटांना जाडी कळते. डोळ्यांना आकडा नंतर कळला तरी चालतो. तारेच्या गेजची, म्हणजे तिची जाडी सांगणाऱ्या नंबराचीही अशीच गंमत आहे, की नंबर वाढत जातो तशी तार बारीक होत जाते. तुझ्या शेजारच्या वीजतंत्री आणि संधाता (वेल्डर) विभागांतील निदेशकांना विचार, या एका गोष्टीवरून किती घोळ होतात ते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फक्त मराठीत शिकवणाऱ्यालाच ठाऊक असते. आपण बोलताना एकक आधी आणि दशक मागून म्हणतो. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणारी आणि ‘एकोणऐंशी’ ऐकून ८९ लिहिणारी मुले तुला भेटतील. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, ते तुला आठवत असेल. त्या वादात कोण बरोबर होते हा आपला विषय नाही, पण कार्यशाळेत चुकीचा ऐकलेला आकडा म्हणजे वाया गेलेला तुकडा. म्हणून माझ्या विभागात नियम होता: माप तोंडी सांगितले की ऐकणाऱ्याने ते ‘सात, नऊ’ असे सुटे अंक म्हणून परत सांगायचे आणि मगच आखायला वाकायचे. हा नियम हुशार मुलांनाही लागू ठेव, म्हणजे ज्याला त्याची खरोखर गरज आहे तो वेगळा पडत नाही.

आता वाचनलेखनाविषयी. इथे काम अधिक अवघड आहे, कारण न वाचता येणारी मुले ते लपवण्यात पटाईत असतात. त्यांची जर्नले (प्रात्यक्षिकाच्या वह्या) बहुधा तुकडीत सर्वांत सुबक असतात. शेजाऱ्याच्या वहीतून अक्षरन् अक्षर उतरवून काढलेल्या त्या जर्नलवर आपण तारीख घालून सही करतो, आणि उतरवणाऱ्याला त्यातले एक वाक्यही वाचता येत नाही, हे आपल्या गावी नसते. तू जर्नलमध्ये छापील कृतीखाली चार ओळी राखून ठेव आणि तिथे ‘आज मी काय केले आणि कुठे चुकलो’ हे ज्याने त्याने आपल्या बोलीत लिहावे असे सांग. शुद्धलेखन तपासू नकोस. सुरुवातीला एका ओळीवरही समाधान मान. ज्याला तेही जमत नाही त्याच्याकडून ते तोंडी ऐक, त्याच्यादेखत त्याच्याच शब्दांत लिहून काढ आणि त्यालाच वाचायला दे. स्वतः बोललेले वाक्य वाचणे हे परक्याचे वाक्य वाचण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

भाषेचा पेच मात्र केवळ मुलांचा नाही. पुस्तकात ‘लघुतम माप’ (साधनाने घेता येणारे सर्वांत लहान माप) असते, कारागिराच्या तोंडी ‘लिस्ट काउंट’ असते, आणि यंत्राबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलाच्या घरी तर पावरी किंवा भिली बोलतात, म्हणजे आपली मराठी हीच त्याची दुसरी भाषा. प्रत्येक हत्याराच्या कप्प्यावर त्याचे कारागिरी नाव आणि पुस्तकी नाव दोन्ही लिहून लाव, इंग्रजी नावाचा उच्चारही देवनागरीत लिही. लेखी परीक्षा आता संगणकावर, पर्याय निवडण्याची असते. तिथे ‘खालीलपैकी कोणते साधन यासाठी वापरत नाहीत’ या वाक्यातला ‘नाहीत’ नजरेतून निसटल्यामुळे काम येणारी मुले गुण गमावतात. म्हणून आठवड्यातून एकदा असे एकच वाक्य घेऊन त्याचे तुकडे पाडून दाखव. अभियांत्रिकी चित्र वाचणे हेही वाचनच आहे, आणि ते ज्याला चांगले येते त्याला ‘तुला वाचता येते’ असे मोठ्याने सांगायला विसरू नकोस.

हे सर्व तू एकटीने करावेस असे मात्र मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये २००६ साली ७९ व्यावसायिक अभ्यासक्रमांचा अभ्यास झाला होता. जिथे भाषा आणि गणित हे कामाच्या शिक्षणातच मिसळले होते तिथे टिकणारी आणि उत्तीर्ण होणारी मुले अधिक आढळली. परंतु जिथे एकाच शिक्षकावर दोन्हींचा भार टाकला होता तिथे भाषा-गणिताचे निकाल घसरले होते. मला यात नवल वाटत नाही. तुमच्याकडच्या गणित व अभियांत्रिकी चित्रकला निदेशकांबरोबर आठवड्यातून अर्धा तास बस आणि पुढच्या आठवड्यात कोणता जॉब आहे ते त्यांना सांग, म्हणजे ते त्याच जॉबमधले गणित घेतील. कातारीची (लेथवर काम शिकणारी) मुले २५ मिलिमीटर व्यासाचा नरम पोलादी गज मिनिटाला ३० मीटर या कर्तनवेगाने कातणार असतील, तर गजाचे फेरे मिनिटाला सुमारे ३८२ येतात हे उदाहरण त्यांनी त्याच आठवड्यात सोडवले पाहिजे, तीन महिन्यांनी नव्हे. ज्या दोघांना अक्षरओळखच कच्ची आहे त्यांच्यासाठी मात्र वेगळा वेळ लागेलच. तो कार्यशाळेत भागणार नाही. तो वेळ एकेकट्याला, यादी न लावता द्यावा.

जमल्यास एकदा पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळला जाऊन ये. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो शाळा सुटलेली मुले हाताने काम करता करता शिकतात या विश्वासावर. तिथे जाऊन नक्कल करण्यासारखे काही शोधू नकोस. मुले कोणता प्रश्न कोणत्या कामाच्या वेळी विचारतात, एवढे मात्र दोन दिवस शांतपणे ऐक.

या पत्राबरोबर माझी जुनी पोलादी पट्टी पाठवत आहे. तिचे पहिले चार मिलिमीटर झिजून गेले आहेत, म्हणून भांडारपालाने ती दोनदा बाद करायला काढली होती आणि दोन्ही वेळा मी ती परत आणली. सोमवारी ती मुलांच्या हाती दे, दहाच्या खुणेपासून माप घ्यायला सांग, आणि किती जण शेवटी दहा वजा करतात ते मला कळव.

तुझे
सर