द्विसांस्कृतिक म्हणजे मराठी आणि किवी नव्हे

प्रश्न: न्यूझीलंडमधल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी अकाउंटिंग शिकवते. बढतीच्या अर्जासोबत माझं 'अध्यापनाचं तत्त्वज्ञान' एका पानात मागितलंय, तेही द्विसांस्कृतिक दृष्टीने. मराठी आणि किवी अशा दोन संस्कृतींत मी रोज वावरतेच. तेच लिहू ना?

उत्तर: नको. आपली बरीच मंडळी इथेच घसरतात. त्या देशात द्विसांस्कृतिक म्हटलं की माओरी (तिथले मूळ रहिवासी) आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगीला झालेला करार अभिप्रेत असतो. त्यात मराठी हा तिसरा पक्ष नाही. त्या करारामुळे तिथे राहायला मिळालेली माणसं, 'तांगाता तिरिती', ही आपली जागा. ती पहिल्याच परिच्छेदात सरळ सांगा. मराठीपण नंतर येऊ दे.

मग थेट वर्गात या. माओरी शब्दांची तोरणं बांधू नका. 'मानाकीतांगा' (आदरातिथ्य, दुसऱ्याची काळजी घेणं) लिहिलंत की वाचणारा विचारणारच, म्हणजे तुम्ही नेमकं करता काय? माओरी घरात कुणी गेलं की तांगीहांगा, म्हणजे अंत्यविधी, बहुधा तीनेक दिवस चालतो, नातेवाईक मराएवर, म्हणजे त्यांच्या सामुदायिक सभास्थानी, मुक्कामाला जातात. असाइनमेंटच्या आदल्या दिवशी विद्यार्थी असा निघून गेला, तर तुम्ही आधी दाखला मागता, की मुदतवाढीची सोय सत्राच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलेली असते? तुमचं तत्त्वज्ञान या उत्तरात आहे. ते लिहा.

दुसरी गोष्ट, गप्प बसणारी मुलं. हुशार मुलगा हात वर करतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण तिथल्या सरकारने १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजीवर भर दिला. पुढे माओरी बोलल्याबद्दल कित्येक मुलांनी मार खाल्ला. भाषेला अधिकृत दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये. म्हणजे मार खाल्लेले आजी-आजोबा आजही अनेक घरांत आहेत. त्या घरातल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून ताळेबंद विचारण्याआधी थोडा विचार करा. जोडीने सोडवायला दिल्यावर काय फरक पडला, तो नोंदवा; फरक पडला नसेल तर तेही.

विद्यार्थ्यांची माओरी नावं मात्र देवनागरीत लिहून पाठ करा. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला अंगवळणी असतात, ही आपली जमेची बाजू.

मसुदा संस्थेतल्या माओरी सल्लागारांना जरूर दाखवा, पण मुदतीच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. असे कागद घेऊन त्यांच्या दाराशी आधीच बरेच जण उभे असतात.