कॅरव्हॅनला मागचा कॅमेरा : वायरचा घ्यावा की बिनवायरचा, आणि त्याला वीज कुठून द्यावी?

तुम्ही मेलबर्नमध्ये १९ फुटी, दोन आसांची जुनी कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) घेतली आहे, ती डिझेल यूटने, म्हणजे पिकअप गाडीने, ओढणार आहात आणि तिला मागचा कॅमेरा स्वतःच बसवणार आहात. बिनवायरचा संच घ्यावा की वायरचा, आणि कॅरव्हॅनच्या पार्किंग लाइटच्या वायरमधून त्याला वीज दिली तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. माझे उत्तर असे की वायरचा संच घ्यावा, कॅमेऱ्याला वीज यूटमधूनच आणि चित्राच्या त्याच केबलने द्यावी, आणि कॅमेऱ्याचे अर्थिंग (वीज परत नेणारी वायर) कॅरव्हॅनच्या चॅसिसला, म्हणजे खालच्या धातूच्या सांगाड्याला, कुठेही जोडू नये. माझ्या कॅरव्हॅनचे १२ व्होल्टचे सगळे काम मी स्वतः करतो आणि ओळखीच्या लोकांच्या कॅरव्हॅनवरही असे कॅमेरे बसवत आलो आहे. दुकानात बोलणे होते ते चित्र किती स्पष्ट आणि पडदा किती इंची याचे. पण कॅमेरा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालेल की नाही, हे गाडी आणि कॅरव्हॅन यांच्यामधल्या जोडावर आणि मागच्या भिंतीला पाडलेल्या भोकावर ठरते.

मुळात हा कॅमेरा कशासाठी हवा, हे आधी ठरवायला हवे. रिव्हर्स घेताना तो उपयोगी पडतोच, पण कॅरव्हॅनच्या बाबतीत त्याचा खरा उपयोग पुढे जाताना होतो. बाजूला वाढवून लावलेल्या टोइंगच्या आरशांतून कॅरव्हॅनच्या दोन्ही कडा आणि शेजारच्या लेन दिसतात, पण तिच्या थेट पाठीमागे आलेली मोटार कोणत्याच आरशात दिसत नाही, आणि आतल्या आरशात तर कॅरव्हॅनची पुढची भिंतच दिसत राहते. उद्या तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातून जाणाऱ्या स्टुअर्ट हायवेवर गेलात आणि मागून ५३.५ मीटर लांबीची रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) ओव्हरटेकच्या तयारीत आली, तर ती बाजूला येऊन वाऱ्याचा धक्का देण्याआधीच दिसली पाहिजे, म्हणजे गाडीतल्या यूएचएफ रेडिओच्या ४० क्रमांकाच्या चॅनेलवर तिच्या चालकाशी दोन शब्द बोलून वेळेवर वेग कमी करता येतो. म्हणून कॅमेरा इंजिन सुरू असेपर्यंत अखंड चालू राहील अशीच जोडणी करावी. फक्त रिव्हर्स गिअर टाकल्यावर सुरू होणारा कॅमेरा अर्ध्याहून कमी कामाचा आहे.

बिनवायरचे संच वाईट असतात असे मी म्हणणार नाही. जुन्या अॅनालॉग संचांपेक्षा आताचे डिजिटल संच पुष्कळ सुधारले आहेत, आणि ज्यांना कॅरव्हॅन वेगवेगळ्या गाड्यांनी ओढावी लागते त्यांच्यासाठी ते सोयीचेही आहेत. पण कॅमेरा आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये तुमच्या बाबतीत १२ ते १३ मीटर अंतर पडेल, त्यात अॅल्युमिनियमचे पत्रे, फ्रिज आणि यूटच्या मागच्या हौद्यावरची पत्र्याची कॅनपी (झाकण) हे सारे आडवे येणार, शिवाय यांतले बहुतेक संच वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात काम करतात. चित्र क्षणभर गोठले तरी ते गोठले आहे हे पडद्याकडे पाहून लगेच कळत नाही, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. शिवाय बिनवायरच्या कॅमेऱ्यालाही वीज वायरनेच द्यावी लागते, त्यामुळे वाचते ते निम्मेच काम.

आता विजेकडे वळतो. पार्किंग लाइटची तपकिरी वायर छताजवळच्या मागच्या दिव्यांपर्यंत आधीच आलेली असते, म्हणून तिचा मोह होतो. पण तिच्यावर जोडलेला कॅमेरा दिवे लावल्याशिवाय सुरू होत नाही, आणि अनेक नव्या गाड्या मागच्या दिव्यांना सलग वीज न देता अतिशय वेगाने चालू-बंद होणारी वीज देतात, त्यामुळे चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात. चांगल्या वायरच्या संचात कॅमेऱ्याची वीज, अर्थिंग आणि चित्र हे सारे एकाच केबलमधून जाते. पडद्याला यूटच्या इग्निशनवर चालणाऱ्या सर्किटमधून, २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज घालून वीज दिली की कॅमेऱ्यालाही ती आपोआप मिळते आणि कॅरव्हॅनच्या वायरिंगला हात लावावाच लागत नाही.

अर्थिंगचा मुद्दा मी जरा विस्ताराने सांगतो, कारण तो बहुतेक माहितीपत्रकांत नसतो. तुमच्या कॅरव्हॅनच्या चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक असतील, तर जोराने ब्रेक दाबल्यावर प्रत्येक चाकाच्या ब्रेकमधले मॅग्नेट (विजेवर चालणारे चुंबक) सुमारे ३ अँपिअर, म्हणजे सगळे मिळून सुमारे १२ अँपिअर वीज घेते. ही सगळी वीज, दिव्यांच्या विजेसह, यूट आणि कॅरव्हॅन जोडणाऱ्या प्लगमधल्या पांढऱ्या वायरने यूटकडे परत येते. त्या वायरची पिन गंजली किंवा तिचा स्क्रू सैल झाला की वीज दुसरी वाट शोधते, आणि तुम्ही कॅमेऱ्याचे अर्थिंग चॅसिसला जोडलेले असेल तर ती वाट म्हणजे कॅमेऱ्याच्या केबलमधली केसासारख्या तारांची जाळी. ती तर अर्धा अँपिअरही वाहण्यासाठी केलेली नसते. मी पाहिलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की चित्र थरथरत असे आणि पाय काढला की शांत होत असे. मालक कॅमेरा बदलण्याच्या विचारात होते. प्लग उघडला तेव्हा पांढऱ्या वायरच्या टोकावर हिरवी बुरशीसारखी पुटे चढलेली होती आणि वायर बोटाने हलत होती. कॅमेऱ्यात काहीच दोष नव्हता, उलट त्यानेच ब्रेकमधला दोष दाखवून दिला होता. काही कॅमेऱ्यांचे धातूचे कवच आतून अर्थिंगला जोडलेले असते. ते पत्र्यावर थेट स्क्रूने बसवले तर नकळत हीच जोडणी होते. म्हणून मल्टिमीटरने आधी तपासावे आणि तसे आढळल्यास कवचाखाली रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी घालून प्लास्टिकच्या बुशमधून स्क्रू न्यावेत.

यूट आणि कॅरव्हॅन यांच्यामध्ये जी गुंडाळीची, ताणली जाणारी केबल येते, तिला इथले लोक सुझी कॉइल म्हणतात. या केबलवर पैसे वाचवू नयेत. तिचे सॉकेट दिव्यांच्या १२ पिनी प्लगशेजारी, झाकण खाली उघडेल अशा रीतीने बसवावे, म्हणजे धूळ आणि पाणी आत साचत नाही. यूट एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून, खाली उतरून पाहावे : केबल ताणली जाता कामा नये, आणि सरळ असताना ती जमिनीला किंवा सेफ्टी चेनला घासता कामा नये. कॅरव्हॅन सोडून ठेवली की केबल दोन्ही बाजूंनी काढून पेटीत ठेवावी, कारण उन्हात लोंबकळत राहिली तर तिचे वेष्टन तडकते.

दुसरा नाजूक भाग म्हणजे मागच्या भिंतीतले भोक. जुन्या कॅरव्हॅनमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यामागे बहुधा लाकडी सांगाडा असतो. आत झिरपलेले पाणी बाहेरून दिसत नाही आणि लाकूड मात्र कुजत जाते. कॅमेऱ्याच्या दुरुस्तीला थोडे पैसे लागतात, कुजलेल्या भिंतीला पुष्कळ. त्यामुळे छताला कधीही भोक पाडू नये. छताच्या कडेखाली, मधोमध, उभ्या भिंतीवर जागा निवडावी; आतून कपाट रिकामे करून तिथे २४० व्होल्टची वायर जात नाही ना, हे पाहावे; मग बाहेरून आत किंचित वर चढणारे भोक पाडावे, म्हणजे चुकून आलेले पाणी बाहेरच ओघळते. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा आणि ती केबल ग्लँडमधून, म्हणजे पाणी रोखणाऱ्या घट्ट बुचातून, न्यावी. सील करायला पॉलियुरेथेन सीलंट वापरावे, घरगुती सिलिकॉन नव्हे. सिलिकॉन एकदा लागले की त्या जागी पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही. पुढे केबल कपाटाच्या कोपऱ्यातून कॅरव्हॅनच्या तळाखाली उतरवून, खडी लागू नये म्हणून नळीत घालून, चॅसिसच्या आतल्या बाजूने आणि चाकांपासून लांब न्यावी.

यूटमधले काम सोपे आहे. सायलेन्सरपासून केबल दूर ठेवावी, दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्टीखालून ती पुढे न्यावी आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबातून ती वर चढवू नये, कारण तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. कॅमेरा आणि पडदा एकाच पद्धतीचे असावेत. एएचडी (जास्त स्पष्ट चित्र देणारा) कॅमेरा जुन्या, साध्या अॅनालॉग पडद्यावर चालत नाही.

कोन ठरवताना कॅमेरा रस्त्याकडे बघू द्यावा : क्षितिज पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात यावे आणि खाली कॅरव्हॅनचा बंपर जेमतेम दिसावा. रिव्हर्ससाठी खाली पाहणारा दुसरा कॅमेरा हवा असेल तर दोन भिंगांचा संच घ्यावा. चित्र आरशाप्रमाणे डावे-उजवे उलटे लावावे. ऑस्ट्रेलियन रोड रूल्सच्या २९९ व्या नियमानुसार गाडी चालवताना चालकाला दिसणारे पडदे चालत नाहीत, परंतु मागचे दृश्य दाखवणारा पडदा चालकाला साहाय्य करणारे साधन म्हणून चालतो. फक्त तो समोरच्या काचेतून दिसणारा रस्ता अडवणार नाही अशा जागी असावा, आणि त्याच पडद्यावर चित्रपट दाखवण्याची सोय असेल तर ती गाडी चालू असताना बंद राहावी.

सीलंट लावण्याआधी संध्याकाळी अंधार पडल्यावर सगळे जोडून पाहा. इंजिन सुरू करा, दिवे आणि इंडिकेटर लावा, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पडद्याकडे लक्ष ठेवा. चित्र जराही हलले तर कॅमेरा तसाच राहू द्या आणि आधी प्लगमधली पांढरी वायर तपासा.